एका क्लिकमध्ये पुसला जाणारा पिवळा रंग

तीन दिवसांच्या बाळाचा फोटो संगणकावर उघडलेला आहे. गाल लालबुंद, कपाळ आणि नाक पिवळट, तळपाय जांभळट, नाकाच्या शेंड्यावर पांढरे बारीक दाणे, मनगटापाशी त्वचेचे पापुद्रे सुटलेले. बाजूच्या यादीतून नवजात बाळांसाठीचं एक प्रीसेट निवडलं की क्षणात हे बरंचसं दिसेनासं होतं आणि सायीसारख्या मऊ, एकसारख्या गुलाबीसर रंगाचं बाळ समोर येतं. आई-वडिलांना तो फोटो आवडतो, आणि आवडावाही. पण त्या एका क्षणात फोटोतून काय काय गेलं, हे बटण दाबणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. कारण नवजात बाळाच्या त्वचेवरचा जवळजवळ प्रत्येक रंग त्याच्या शरीरात काय चाललंय ते सांगत असतो.

आधी त्या बटणाबद्दल. बोलण्यात आपण सगळ्यालाच प्रीसेट म्हणतो, पण यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रीसेट म्हणजे स्लायडरच्या जागांची नोंद: उजेड इतका वाढवा, पिवळ्याची गडदता इतकी कमी करा, सावल्या इतक्या उचला. ॲक्शन म्हणजे ओळीने केलेल्या कृतींचं रेकॉर्डिंग: थराची प्रत काढा, ती इतकी धूसर करा, वर मास्क (थराचा काही भाग झाकणारा पडदा) लावा. फोटोशॉपमध्ये ॲक्शनची सोय १९९६ साली, चौथ्या आवृत्तीत आली. फोटो सुधारण्याचं लाइटरूम हे सॉफ्टवेअर २००७ मध्ये बाजारात आलं आणि प्रीसेट घरोघरी पोचले. दोन्हींचा स्वभाव मात्र एकच. समोर कोणाचा फोटो आहे, हे त्यांना कळत नाही. ते फक्त आकड्यांवर आकडेमोड करतात.

ती आकडेमोड करून पाहू. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. समजा, बाळाच्या गालावरच्या एका ठिपक्याचे आकडे २४५, १९०, १७० आहेत. फोटो उजळ करणारं प्रीसेट प्रत्येकात ३० मिळवतं असं धरू (खऱ्या प्रीसेटचं गणित याहून वळणावळणाचं असतं, पण तत्त्व हेच). हिरवा २२० होतो, निळा २०० होतो. लाल २७५ व्हायला हवा, पण २५५ च्या पुढे आकडाच नाही, म्हणून तो तिथेच अडकतो. लाल आणि हिरव्यातलं अंतर ५५ वरून ३५ वर आलं, म्हणजे गालाचा रंग बदलला, आणि तो बदला असं प्रीसेटमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं. शेजारचे २३०, २४० आणि २५० हे तीन वेगळे लालही सगळे २५५ होऊन बसले. गालाची गोलाई त्या फरकातच होती. आता तिथे सपाट डाग आहे. हेच प्रीसेट कमी उजेडातल्या १८०, १२५, १०५ अशा ठिपक्याला लावलं तर २१०, १५५, १३५ मिळतात, अंतर ५५ च राहतं आणि फोटो छान दिसतो. ‘काल तर हेच प्रीसेट मस्त बसलं होतं’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

आणि नवजात बाळाच्या फोटोत लाल आकडाच आधी कडेला पोचतो, त्यालाही कारण आहे. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात हिमोग्लोबिन मोठ्या माणसापेक्षा जास्त असतं, साधारण दर डेसिलिटरला १४ ते २२ ग्रॅम. त्वचा पातळ असते, आणि तिला रंग देणारं मेलॅनिन अजून पुरतं तयार झालेलं नसतं. बाळाचा खरा वर्ण पुढच्या काही आठवड्यांत, महिन्यांत उतरतो. त्यामुळे आतलं रक्त जणू पातळ पडद्याआडून दिसतं. हिमोग्लोबिन हिरवा आणि निळा प्रकाश भरपूर शोषतं, लाल प्रकाश मात्र त्वचेत शिरून, विखरून बराचसा परत येतो.

याचा एक सुंदर परिणाम स्वतः पाहता येतो. फोटोशॉपमध्ये फोटोचे तीन चॅनल, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्या आकड्यांची स्वतंत्र चित्रं, वेगवेगळे उघडा. लाल चॅनलमध्ये बाळाची त्वचा लोण्यासारखी नितळ दिसते. हिरव्या आणि निळ्यात मात्र प्रत्येक चट्टा, प्रत्येक लालसर ठिपका उठून येतो. फोटो एकच, बाळ एकच. म्हणून बाळाचा फोटो कृष्णधवल करताना लाल चॅनलचं वजन वाढवलं, तर त्वचेला हात न लावता ती मऊ दिसते. कुठलाही ब्रश न चालवता होणारं हे माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक रिटचिंग आहे.

आता पिवळ्याकडे येऊ, कारण नवजात बाळांसाठी बनवलेल्या प्रीसेटचा पहिला वार बहुधा त्यावरच होतो.

लाल रक्तपेशी मोडल्या की त्यातून बिलीरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. बाळाच्या रक्तपेशी मोठ्यांपेक्षा कमी दिवस जगतात, आणि बिलीरुबिन शरीराबाहेर टाकण्याजोगं करून देणारं यकृत अजून कामाला पुरतं लागलेलं नसतं. म्हणून पहिल्या आठवड्यात पूर्ण दिवसांच्या सुमारे ६० टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या सुमारे ८० टक्के बाळांना कमीअधिक कावीळ दिसते. बहुतेकांची आपोआप ओसरते. पण बिलीरुबिन फार वाढलं तर ते मेंदूला इजा करू शकतं, म्हणून डॉक्टर त्या पिवळेपणाकडे बारीक लक्ष ठेवून असतात. हा पिवळेपणा आधी चेहऱ्यावर येतो आणि वाढत गेला तर छाती, पोट, पाय असा खाली उतरतो. क्रेमर यांनी १९६९ साली या उतरत्या क्रमाची नीट मांडणी केली. आता प्रीसेट काय करतं पाहा. चेहऱ्याचा पिवळा काढून तो गुलाबी करतं, आणि तेच गणित पायांनाही लावतं. क्रमही गेला आणि रंगही गेला.

बिलीरुबिन पिवळं दिसतं, कारण ते निळा प्रकाश शोषतं, विशेषतः ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा. फोटोत याचा अर्थ इतकाच की निळा आकडा खाली जातो, आणि प्रीसेट तो परत वर ढकलतं. गंमत अशी की रुग्णालयातही बाळाला निळाच प्रकाश देतात. बिलीरुबिनने तो शोषला की त्याच्या रेणूचा आकार बदलतो आणि यकृताने त्यावर नेहमीची प्रक्रिया न करताही ते शरीराबाहेर जाऊ शकतं. या उपचाराची सुरुवात १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्ड जनरल हॉस्पिटलमध्ये झाली. तिथल्या सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऊन मिळावं म्हणून बाहेर अंगणात नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. त्याचं अंग फिकट झालं होतं, पण एक त्रिकोण मात्र गडद पिवळा राहिला होता. दुपट्याचं टोक जिथे पडलं होतं तिथे ऊन पोचलंच नव्हतं. पुढे रिचर्ड क्रेमर (वर उल्लेख केलेल्या क्रेमर यांच्याशी यांचा संबंध नाही) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रकाशाचा हा परिणाम मोजला आणि १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. त्वचेवरच्या पिवळ्याच्या दोन छटांमधला फरक एका परिचारिकेच्या नजरेला दिसला, आणि तिथून फोटोथेरपी उभी राहिली. आपण तोच फरक एका स्लायडरने सपाट करतो, हे मला त्या गोष्टीपासून विसरता येत नाही.

फोटोवरून काविळीचा अंदाज घेण्याचे प्रयत्नही झाले आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये बिलीकॅम नावाची फोनवरची पद्धत मांडली. तीत बाळाच्या अंगावर रंगांच्या चौकटी असलेलं एक कार्ड ठेवून फोटो काढतात, कारण ओळखीच्या रंगाशी ताडून पाहिल्याशिवाय फोटोतल्या पिवळ्यावर भरवसा ठेवता येत नाही. साधा फोनसुद्धा फोटो काढतानाच स्वतःहून रंग सुधारत असतो. तेव्हा बाळ पिवळं वाटत असेल, तर ते प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवायचं. पहिल्या २४ तासांतच कावीळ दिसली तर लगेच. प्रीसेट लावलेला फोटो डॉक्टरांना पाठवून ‘ठीक वाटतंय ना’ असं विचारणं धोक्याचं आहे. जांभळटपणाचंही तसंच. पहिल्या एक-दोन दिवसांत हात-पाय निळसर असणं सर्वसाधारण आहे. ओठ किंवा जीभ निळसर दिसली तर ती तातडीची बाब आहे, मग कॅमेरा बाजूला ठेवायचा.

मग प्रीसेट वापरूच नये का? वापरावं, पण त्याच्या हातात काय द्यायचं ते आपण ठरवावं. व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाचा परिणाम काढून पांढरं पांढरंच दिसू देणं) आणि एक्स्पोजर (फोटोतला एकूण उजेड) या दोन गोष्टी प्रत्येक फोटोला वेगळ्या असतात, त्यामुळे स्वतःचं प्रीसेट साठवताना त्यांच्यावरची खूण काढून टाकावी. फोटो काढताना बाळाजवळ एक राखाडी कार्ड धरून एक फोटो घेतला की व्हाइट बॅलन्स अंदाजाने न करता मोजून करता येतो. कित्येकदा जो पिवळा आपण बाळाचा समजतो, तो भिंतीवरून किंवा दुपट्यावरून उसळलेल्या प्रकाशाचा असतो. कार्डही पिवळं दिसलं तर दोष प्रकाशाचा, कार्ड राखाडी आणि बाळ पिवळं तर रंग बाळाचा. शक्य असेल तर फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या माहितीसकट, घ्यावा. १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक रंगाला २५६ ऐवजी १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे लाल आकडा कडेला आपटण्याआधी सावरायला जागा मिळते.

ॲक्शनची एक खोड लोकांना उशिरा कळते. त्वचा मऊ करणाऱ्या ॲक्शनमध्ये बहुधा फोटोचे दोन थर करतात: एक धूसर केलेला, ज्यात रंग आणि छाया राहतात, आणि दुसरा बारीक तपशिलाचा, ज्यात लव, सुरकुत्या आणि त्वचेचा पोत राहतो. धूसर किती करायचं, हे पिक्सेलमध्ये ठरलेलं असतं. ६००० पिक्सेल रुंद फोटोत चेहरा २००० पिक्सेलचा असेल तर १० पिक्सेल म्हणजे चेहऱ्याचा दोनशेवा भाग. तीच ॲक्शन १५०० पिक्सेलच्या लहान फोटोवर चालवली तर चेहरा ५०० पिक्सेलचा, आणि १० पिक्सेल म्हणजे पन्नासावा भाग. चारपट जाड पोचारा. पापण्यांच्या कडा विरघळतात आणि बाळ मेणाचं दिसतं. म्हणून ॲक्शन चालवल्यावर थराची अपारदर्शकता ३०-४० टक्क्यांवर आणावी आणि मास्कने डोळे, ओठ, नखं, केस मोकळे करावेत.

वर्णाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त बोचतो. बहुतेक माणसांच्या त्वचेचा रंग संगणकाच्या लेखी नारिंगीच्या आसपास येतो, कारण मेलॅनिन आणि हिमोग्लोबिन सगळ्यांचं एकच, फरक प्रमाणाचा. गोऱ्या बाळांच्या फोटोंवर जुळवलेलं प्रीसेट नारिंगीची उजळता वाढवतं, आणि सावळ्या बाळाला ते लावलं की त्याचा वर्णच बदलून जातो. हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. फिल्मच्या काळात कोडॅक छपाईच्या लॅबना नमुना म्हणून जी ‘शर्ली कार्डं’ देत असे, त्यांवर गोऱ्या स्त्रीचा फोटो असे आणि सगळ्यांच्या त्वचेचे रंग तिच्याशी ताडले जात. अनेक वर्णांच्या व्यक्ती असलेली कार्डं यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. सावळ्या बाळासाठी नारिंगीचा स्लायडर शून्यावर ठेवून उजेडाचा कर्व्ह (उजेड कमी-जास्त करणारी वक्ररेषा) हलकेच उचलणं पुरतं. उजेड वाढतो, वर्ण तोच राहतो.

काय काढावं आणि काय ठेवावं? नखाचा ओरखडा, वाळलेल्या दुधाचा डाग, सुटलेले पापुद्रे खुशाल काढावेत. नाकावरचे पांढरे दाणे म्हणजे मिलिया, तेही काही आठवड्यांत आपसूक जातात. जन्मखूण मात्र आई-वडिलांना विचारल्याशिवाय पुसू नये. खांद्यावरची लव मी तरी कधीच काढणार नाही. ती थोड्याच दिवसांची असते.

एक जागा अशी आहे जिथे रिटचिंग बाळाला थेट सुरक्षित ठेवतं. हनुवटी दोन्ही हातांवर टेकवून बसलेल्या नवजात बाळाचा फोटो तुम्ही पाहिला असेल. बाळाला तसं एकटं बसवतच नाहीत, कारण त्याची मान धरत नाही. एका फोटोत मदतनीस डोकं धरतो, दुसऱ्यात मनगटं, बाळावरचा हात एक क्षणही सुटत नाही. मग दोन्ही फोटो जोडून ते हात पुसले जातात. पण पुसलेले हात पाहणाऱ्याला दिसत नाहीत आणि कुणीतरी घरी तसंच बसवून पाहतं. म्हणून असा फोटो देताना मूळ दोन फोटोही सोबत द्यावेत, मदतनिसाच्या हातांसकट. बाळाचा पिवळटपणा दाखवणारी मूळ फाइलही त्याच फोल्डरमध्ये, तारखेसह, जपून ठेवावी.