‘जोडीनं’ आणि ‘मुळे’: सहसंबंध आणि कारण यांतला फरक

मानसशास्त्रात एम.ए. करणारी शेजारची मुलगी परवा प्रकल्पाचा मसुदा घेऊन आली. कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीत घरोघरी चालणारा विषय, मोबाईल आणि मार्क. प्रश्नावल्या भरून घेतलेल्या, आकडेमोड नीट. शेवटच्या पानावर निष्कर्ष: ‘मोबाईलच्या अतिवापरामुळे गुण कमी होतात.’ मी पेन्सिलीनं फक्त ‘मुळे’ला गोल केला.

“पण काका, सहसंबंध आलाय की!”

आलाय, खरंय. पण सहसंबंध ‘मुळे’ म्हणत नाही. तो एवढंच सांगतो की दोन गोष्टी जोडीनं किती वरखाली होतात. कार्ल पिअरसन यांच्या नावानं ओळखला जाणारा ‘आर’ हा गुणांक उणे १ ते अधिक १ मध्ये कुठंही येतो. चिन्ह दिशा दाखवतं, आकडा संबंध किती घट्ट ते. म्हणजे उणे ०.५ हा अधिक ०.३ पेक्षा घट्टच (इथं निम्मी पोरं परीक्षेत चुकतात). ही जोडी जमली कशी, ते मात्र त्या आकड्याला ठाऊक नसतं.

पावसाळ्यात आपण सगळे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर डोळा ठेवून असतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. त्याच दिवसांत छत्र्या-रेनकोटही भराभर खपतात. दोन्हींचा ‘आर’ काढलात तर अधिक चिन्हाचाच येईल. म्हणून छत्र्यांची दुकानं बंद करून पंचगंगा उतरवायला कोणी निघत नाही, कारण तिकडं गगनबावड्यात आणि राधानगरीत कोसळणारा पाऊस आपल्याला माहीत असतो. मानसशास्त्रात तो पाऊस डोळ्यांना दिसत नाही, हीच गोम आहे. मोबाईल आणि मार्क दोन्हींच्या मागं घरातली भांडणं असतील, अपुरी झोप असेल. किंवा गाडी उलटीच असेल: गणित जमेना, म्हणून पोरगं फोनमध्ये तोंड खुपसून बसत असेल.

उलट्या गाडीचा एक महागडा नमुना अमेरिकेतला. आत्मसन्मान वाढवला की बरेच सामाजिक प्रश्न सुटतील, या आशेनं कॅलिफोर्नियानं १९८६ साली सरकारी कृतिदल नेमलं. २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन चाळलं. आत्मसन्मान आणि शाळेतली प्रगती यांचा माफक सहसंबंध होता, पण आत्मसन्मान फुगवून गुण वाढतात असा पुरावा काही मिळेना. चांगले गुण पडले म्हणून आत्मसन्मान वाढतो, हेच अंशतः खरं दिसलं.

‘मुळे’ लिहायचा हक्क मिळवायचा तर सरळ वाट प्रयोगाची. मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या, निम्म्यांचा फोन महिनाभर रात्री नऊनंतर आईकडं, बाकीच्यांचं चाललंय तसं. चिठ्ठीला कोणाचं घर भांडतं, कोण हुशार, काहीच कळत नाही. त्यामुळं या गोष्टी दोन्ही गटांत साधारण सारख्या विखुरतात.

पण म्हणून सहसंबंध फेकून द्यायचा नसतो. लोकांना सिगारेट ओढायला लावून कोण प्रयोग करणार? १९५० मध्ये डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी धूम्रपान व फुप्फुसाच्या कर्करोगाचा संबंध दाखवला. दोन्हींच्या मुळाशी आनुवंशिकता असू शकेल, असं रोनाल्ड फिशर हे मोठे संख्याशास्त्रज्ञ म्हणत राहिले. ते स्वतः पाइप ओढायचे! त्यांची शंका रीतसर होती, पण चहूबाजूंनी पुरावा साचत गेला आणि ते चुकीचे ठरले.

मोबाईलपुरतं बोलायचं तर, २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांवर किशोरवयीनांची माहिती तपासली. डिजिटल वापर आणि मानसिक स्वास्थ्य यांचा संबंध उणेच निघाला, पण मुलामुलांच्या स्वास्थ्यात जे फरक होते, त्यांपैकी फार तर ०.४ टक्के त्यातून उलगडत होते, म्हणजे संबंध अगदीच नाममात्र.

मुलीनं वाक्य बदललं: ‘मोबाईल जास्त वापरणाऱ्या मुलांचे गुण कमी आढळले.’ तिच्या धाकट्या भावानं दारातूनच ऐकलं. “म्हंजे फोन वापरला तर चालतंय की!”

तेही ‘आर’ सांगत नाही, बाबा.