आजाराचं भाकीत: वैद्याच्या नजरेकडून रक्ताच्या आकड्यांकडे

रोगी यातून उठेल का, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना. चरकसंहितेत रोगांची साध्य, कष्टसाध्य, याप्य (पुरता बरा न होणारा, पण आटोक्यात राहणारा) आणि असाध्य अशी वर्गवारी आहे. मरणाची चाहूल देणाऱ्या चिन्हांसाठी तर इंद्रियस्थान हा वेगळा भागच आहे. हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रीक ग्रंथात टोकदार झालेलं नाक, खोल गेलेले डोळे, गार पडलेले कान ही अशुभ लक्षणं म्हणून येतात. दोन्हीकडे वैद्याच्या अब्रूचाही प्रश्न होताच. असाध्य रोग आधीच ओळखला, की अपयशाचं खापर डोक्यावर फुटत नसे.

विसाव्या शतकात या नजरेला गुण मिळू लागले. 1952 मध्ये व्हर्जिनिया अपगार यांनी नवजात बाळाच्या पाच खुणांना प्रत्येकी 0 ते 2 गुण द्यायची पद्धत काढली. यकृताच्या आजारात 1964 साली चाइल्ड आणि टर्कॉट यांचं वर्गीकरण आलं. बिलिरुबिन (रक्तातलं पिवळं रंगद्रव्य), अल्ब्युमिन (यकृतात तयार होणारं प्रथिन), पोटातलं पाणी, मेंदूवरचा परिणाम आणि रुग्णाचं पोषण हे त्याचे निकष. 1973 मध्ये प्यू यांनी पोषण वगळून रक्त गोठण्याचा वेळ घेतला. ते बरंच झालं, कारण पोषण ‘बरं’ की ‘वाईट’ हे ज्याचं त्याने ठरवायचं. पोटातलं पाणी ‘थोडं’ की ‘मध्यम’, हा घोळ मात्र राहिलाच.

शस्त्रक्रियेतला धोका जोखण्यापुरता हा घोळ चालून गेला. पण अमेरिकेत यकृत प्रत्यारोपणाच्या यादीतलं स्थान या वर्गीकरणाच्या गटांवर ठरू लागलं आणि अडचण झाली. गट मोजके, त्यामुळे एका गटात अनेक रुग्ण. मग जो जास्त दिवस थांबलेला, त्याचा नंबर आधी. जास्त आजारी माणूस मागे राहायचा.

2002 मध्ये तिथे ‘मेल्ड’ गुणांक लागू झाला. बिलिरुबिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारा घटक) आणि आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचं माप) या तीन रक्तचाचण्यांवरून 6 ते 40 गुण. जितके जास्त, तितका जवळच्या काळात मृत्यूचा धोका जास्त. डॉक्टरांच्या अंदाजाला यात जागाच नाही, म्हणून हा निःपक्षपाती वाटला.

तो तसा नव्हता. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि स्त्रियांत स्नायू सरासरीने कमी. मूत्रपिंड तितकंच बिघडलेलं असलं, तरी त्यांचं क्रिएटिनिन कमी भरे, गुण कमी पडत आणि यादीतला नंबर खाली जाई. 2023 मध्ये अमेरिकेत लागू झालेल्या ‘मेल्ड 3.0’मध्ये म्हणून स्त्रियांना वाढीव गुण मिळतात.