स्वस्त नेकमध्ये नेमकं स्वस्त काय असतं?

चार तारांची बास गिटार सुरात लावली की तिच्या नेकवर, म्हणजे ज्यावर बोटं फिरतात त्या लांब दांड्यावर, मिळून साधारण 70 ते 80 किलोंची ओढ बसते. ही ओढ रात्रंदिवस चालू असते, गिटार केसमध्ये बंद करून ठेवली तरी. शिवाय तारा नेकच्या मध्यातून जात नाहीत, त्याच्या वरून जातात. त्यामुळे नेक नुसता दाबला जात नाही, तारांच्या बाजूला वाकायलाही बघतो. स्वतः बास जुळवायला निघालेला माणूस मात्र सुटा स्वस्त नेक हातात आला की आधी पॉलिश बघतो, लाकडाच्या रेषा बघतो, हेडस्टॉकचा, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या टोकाचा, आकार बघतो. त्या ओढीपुढे या तिन्ही गोष्टींना फारशी किंमत नाही.

नेक असा सुटा बदलता येतो याचं बरंचसं श्रेय अमेरिकेतले गिटार बनवणारे लिओ फेंडर यांचं. 1951 साली आलेल्या त्यांच्या प्रिसिजन बासचा नेक बॉडीला चिकटवलेला नव्हता, चार स्क्रूंनी कसलेला होता. नटपासून (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंतचं (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) अंतर त्यांनी 34 इंच, म्हणजे 863.6 मिमी धरलं आणि पुढे बहुतेकांनी तेच उचललं. म्हणून आज एकाची बॉडी आणि दुसऱ्याचा नेक जुळतो. अर्थात, बॉडीच्या खाचेत तो घट्ट बसेल की दोन्ही बाजूंना फट राहील हे मोजूनच घ्यावं लागतं.

सगळ्यात जास्त भीती असते ती फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, चुकीच्या जागी ठोकलेले असतील याची. ही भीती बहुतेक वेळा फुकटची. फ्रेटच्या जागा हा साधा हिशोब आहे: तारेच्या उरलेल्या लांबीला 17.817 ने भागायचं आणि येईल तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट. गॅलिलिओचे वडील विन्चेंझो गॅलिलेई यांनी सोळाव्या शतकात ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठी 18 ने भागायचा नियम सांगितला होता, त्याचंच हे नेमकं रूप. 863.6 मिमीच्या बासवर पहिला फ्रेट नटपासून 48.5 मिमीवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर. संगणकावर चालणारं यंत्र फ्रेटची खाच महागड्या नेकवर जशी पाडतं तशीच स्वस्त नेकवर पाडतं. समजा बाराव्या फ्रेटची जागा अर्धा मिमी चुकलीच, तरी सूर फक्त 2 सेंटने हलतो. लगतच्या दोन स्वरांमधलं अंतर 100 सेंट असतं. बोट जरा जोरात दाबलं तर तार याहून जास्त चढते.

खरी गोम फ्रेटच्या जागेत नसून उंचीत असते. फ्रेट लाकडाच्या वर जेमतेम एक मिमी येतो आणि बाराव्या फ्रेटवर तार त्याच्यापासून दोनेक मिमी वर असते. इतक्या कमी जागेत एखादा फ्रेट शेजाऱ्यांपेक्षा 0.1 मिमीने जरी वर राहिला तरी तार त्याला घासून खरखरते. बासची तार जाड, तिचं कंपन रुंद, त्यामुळे ही तक्रार इथे लवकर डोकं वर काढते. तपासायची रीत सोपी आहे. तीन फ्रेटवर टेकेल एवढी सरळ स्टीलची पट्टी ठेवायची. मधला फ्रेट वर असेल तर पट्टी डुगडुगते आणि टकटक असा बारीक आवाज येतो.

दुरुस्ती वेळखाऊ. नेक आधी सरळ करायचा, फ्रेटच्या माथ्यांना मार्करची शाई लावायची आणि लांब सपाट ठोकळ्याला पॉलिश पेपर चिकटवून तो सगळ्यांवरून फिरवायचा. सगळ्या माथ्यांवरची शाई गेली म्हणजे पातळी एक झाली. मग चपटा झालेला प्रत्येक माथा कानशीने पुन्हा गोल करायचा, टोकं घासायची, चकाकी आणायची. वीस फ्रेट म्हणजे काही तासांचं काम. महाग नेकवर ते कुणीतरी आधीच केलेलं असतं, हाताने किंवा प्लेक नावाच्या जर्मन यंत्रावर. स्वस्त नेकवर ते तुमच्या वाट्याला येतं. माझ्या मते किमतीतला मोठा फरक इथे आहे.

स्वस्त नेक बनवताना वेळेची दुसरी बचत होते लाकूड वाळवण्यात. लाकूड हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगतं आणि आकसतं, तेही सगळ्या दिशांना सारखं नाही. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या कडेने मात्र ते खोडाच्या त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं. मेपलच्या 60 मिमी रुंद फ्रेटबोर्डातला (फ्रेट बसवलेली नेकची वरची फळी) ओलावा तीन टक्क्यांनी उतरला तर तो रुंदीत अर्ध्या मिमीहून जास्त आकसू शकतो. धातूचे फ्रेट तेवढेच राहतात आणि त्यांची टोकं दोन्ही कडांना बाहेर येऊन बोटांना टोचतात. हा दोष कानस फिरवली की जातो. ‘रोस्टेड’ मेपल म्हणून मिळणारं लाकूड कमी ऑक्सिजनमध्ये खूप तापवलेलं असतं. ते नंतर ओलावा कमी शोषतं, पण जरा ठिसूळ होतं, तेव्हा स्क्रूसाठी आधी भोक पाडून घेतलेलं बरं.

लाकूड आडवंतिडवं आकसलं की नेकला पीळ पडतो आणि तिथे मात्र हात टेकावे लागतात. नेक बंदुकीसारखा डोळ्यापाशी धरून नट आणि शेवटचा फ्रेट एकमेकांना समांतर दिसतात का ते बघायचं. बाक असेल तर ट्रस रॉड आहे; गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना 1923 साली त्याचं पेटंट मिळालं. हा लाकडात बसवलेला स्टीलचा रॉड तारांच्या ओढीला उलटा जोर देतो, पण फक्त एकाच प्रतलात. पीळ तो काढू शकत नाही. म्हणून नेक हातात आल्यावर पहिलं काम रॉड फिरवून बघण्याचं. फिरवल्यावर नेक हलत नसेल किंवा रॉड आधीच शेवटापर्यंत कसलेला असेल, तर नेक परत पाठवा. त्याच्यावर फ्रेटचं काम करत बसू नका.

जाडीकडेही लक्ष हवं. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. 20 मिमीऐवजी 22 मिमी जाडीचा नेक सुमारे 33 टक्के जास्त ताठ असतो. हाताला सुखाचा वाटणारा सडपातळ नेक रॉडवर जास्त विसंबून असतो.

एक दोष मात्र पैसे टाकूनही टळेलच असं नाही. बऱ्याच बासवर सर्वात बारीक तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर लगेच विझतो. याला डेड स्पॉट म्हणतात. म्यूनिकचे संशोधक हेल्मुट फ्लाइशर यांनी नेकची कंपनं मोजून यावर बरंच काम केलं. नेकची स्वतःची एक कंपनसंख्या असते. वाजवलेला स्वर तिच्याशी जुळला की तारेतली ऊर्जा नेक हलवण्यातच खर्च होते आणि तारेचं कंपन टिपणाऱ्या पिकअपपर्यंत फार काही उरत नाही. नामांकित, महाग बासही यातून सुटत नाहीत. हेडस्टॉकला छोटा क्लॅम्प लावून वजन वाढवलं की नेकची कंपनसंख्या उतरते आणि डेड स्पॉट दुसरीकडे सरकतो, नशीब असेल तर दोन स्वरांच्या मध्ये. जड ट्यूनर, म्हणजे तारा पिळायच्या खुंट्या, बसवले तरी तेच घडतं, फक्त मग गळ्यात अडकवलेल्या बासचा हेडस्टॉक सारखा खाली झुकतो आणि डावा हात तो उचलून धरण्यातच दमतो.