लाईट आली, पण उजेड कुठे?

नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, बांधावरून हाक येते, "लाईट आली का रे?" विचारणाऱ्याला उजेड नको असतो. त्याला विहिरीवरची मोटर चालू करून द्राक्षबागेच्या ड्रिपला पाणी सोडायचं असतं. 'थ्री फेज लाईट', 'या आठवड्यात रात्रीची लाईट', 'डीपी जळाली, लाईट नाही' या बोलण्यात दिव्याचा कुठे संबंधच येत नाही. इंग्रजीतल्या 'लाईट' या साध्या नामाचा मूळ अर्थ प्रकाश. आपल्याकडे त्याचा अर्थ तारेतून येणारी वीज असा कसा झाला?

याचं उत्तर विजेच्या इतिहासात आहे. 4 सप्टेंबर 1882 रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचं वीजकेंद्र सुरू झालं, ते मुख्यतः दिवे लावण्यासाठी. कंपनीच्या नावातसुद्धा वीज आणि प्रकाशयोजना हे दोन्ही शब्द होते. घरात वीज आली ती दिव्याच्या रूपाने. पंखा, मिक्सर, फ्रिज पुढे हळूहळू आले. त्यामुळे ज्या कामासाठी वस्तू आली त्या कामाचं नाव वस्तूला चिकटलं. भाषाविज्ञानात अर्थाच्या या सरकण्याला लक्षणा म्हणता येईल. असं फक्त मराठीतच घडलं असंही नाही. मेक्सिकोत वीज गेली की लोक म्हणतात, 'से फुए ला लूस'. शब्दशः अर्थ 'लाईट गेली', आणि गंमत म्हणजे तिथेही हा शब्द स्त्रीलिंगीच आहे. कॅनडाच्या काही भागांत तर वीजबिलाला 'हायड्रो बिल' म्हणतात, कारण तिथली वीज मोठ्या प्रमाणावर धरणांच्या पाण्यापासून तयार होत आली. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राजवळ राहणाऱ्या आपल्या लोकांनी त्याच न्यायाने 'कोळसा गेला' म्हटलं असतं!

आता खरा प्रश्न. मराठीत प्रकाश होता, उजेड होता, दिवा होता, बत्ती होती, वीज होती. मग या नव्या पाहुण्याला जागा मिळाली कशी? फ्रेंच अभ्यासक मिशेल ब्रेआल याने 1897 मध्ये अर्थविज्ञानावरच्या आपल्या ग्रंथात एक नियम मांडला. दोन समानार्थी शब्द भाषेत शेजारी आले की बोलणारे त्यांच्यात कामाची वाटणी करतात, आणि ती न जमल्यास एक शब्द मागे पडतो.

ही वाटणी तपासायची सोपी रीत म्हणजे एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवून पाहणं. 'प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर' हे वाक्य ठीक आहे, पण 'उजेडाचा वेग' कोणी म्हणत नाही. 'प्रकाशवर्ष' आहे, 'उजेडवर्ष' नाही. उलट 'खिडकी उघड, जरा उजेड येऊ दे' या वाक्यात 'प्रकाश' घातला की ते पुस्तकी होतं. प्रकाश हा अभ्यासाचा विषय, उजेड हा डोळ्यांचा अनुभव. मला सगळ्यात आवडणारी जोडी मात्र वेगळीच आहे. 'वक्त्यांनी विषयावर प्रकाश टाकला' हा गौरव, तर 'काय उजेड पाडलास!' ही कानउघाडणी. 'दिवे लावले' ही तिचीच सख्खी बहीण. शब्दकोशात एकमेकांसमोर बसणारे हे शब्द बोलण्यात इतके दूर जाऊन उभे राहतात, आणि चार वर्षांचं पोरही त्यात चुकत नाही, याचं मला फार आश्चर्य वाटतं.

विजेचंही तसंच. बिलावर 'वीज' किंवा 'विद्युत' छापलेलं असतं, तोंडात 'लाईटबिल' असतं. आभाळात मात्र वीजच चमकते आणि वीजच पडते. रामकुंडावर द्रोणातून गोदावरीत सोडतात तो दिवा. त्याला लाईट म्हणायचं कोणाच्या मनातही येत नाही. म्हणून 'लाईट म्हणू नका, वीज म्हणा' असं बजावणाऱ्यांशी मी सहमत नाही. लाईटने वीज हा शब्द हाकलला नाही, फक्त त्याच्याकडचं घरातलं काम घेतलं.

शब्द आत येताना मराठीने त्याला आपलं व्याकरणही चढवलं. इंग्रजीत निर्जीव वस्तूंच्या नामांना व्याकरणातलं लिंग नसतं. आपल्याकडे लाईट 'गेली', आणि खेड्यांत अनेकवचन 'लाईटी'. वीज आणि बत्ती या दोन्ही स्त्रीलिंगी, त्यांच्या शेजारी बसून तोही स्त्रीलिंगी झाला असावा. उसना शब्द जुन्या शब्दाचं लिंग घेतो, ही अनेक भाषांत दिसणारी गोष्ट आहे. दुसरीकडे, इंग्रजीत चौकातल्या दिव्यांनाही 'लाईट'च म्हणतात, पण नाशिकच्या द्वारका चौकात आपण 'सिग्नल' तोडतो. तिथे मराठीने दुसरा इंग्रजी शब्द निवडला.

खुद्द इंग्रजीतला 'लाईट' तरी एकच आहे का? प्रकाश या अर्थाचा शब्द ज्या प्राचीन धातूपासून आला, त्याच धातूपासून लॅटिनमधला 'लुक्स', स्पॅनिशमधला 'लूस' आणि संस्कृतमधला 'रुच्' म्हणजे चमकणे हे आले. आपली 'रुची' त्याच घरातली. पण 'लाईट नाश्ता' मधला लाईट, म्हणजे हलका, हा निराळाच शब्द. त्याचं नातं संस्कृत 'लघु'शी आहे. शतकानुशतकं उच्चार झिजत गेले आणि दोन परके शब्द एकसारखे दिसू लागले.

तरी ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण शेजारचे शब्द अर्थ सांगतात. 'गेली', 'बिल', 'खांब' आले की वीज. 'नाश्ता' आला की हलका. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ झेलिग हॅरिस याने 1954 मध्ये म्हटलं होतं की शब्दांच्या अर्थातला फरक त्यांच्या सोबत्यांतल्या फरकातून दिसतो. आजचे संगणकी अनुवादक अर्थ ओळखतात ते याच विचारावर उभे राहून, प्रचंड मजकुरातले शब्दांचे शेजार मोजून.

आणि 'ट्यूबलाईट'? उशिरा समजणाऱ्याला आपण हे नाव देतो, त्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे. जुन्या नळीत स्टार्टरमधली धातूची पट्टी तापून वाकायची, टोकांच्या तारा गरम व्हायच्या, मग पट्टी गार होऊन सुटताच चोक क्षणभर विजेचा मोठा दाब द्यायचा आणि नळीतला वायू पेटायचा. एका झटक्यात जमलं नाही तर पुन्हा तेच, म्हणून ती लुकलुकायची. आता बहुतेक घरांत एलईडी नळ्या आहेत आणि त्या बटण दाबताच लागतात. तरी स्टार्टर कधी हातातही न घेतलेली कॉलेज रोडवरची मुलं उशिरा हसणाऱ्या मित्राला आजही ट्यूबलाईटच म्हणतात.