शितावरून शहराची परीक्षा

ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने १११ शहरांचा ‘सुलभ जीवन निर्देशांक’ जाहीर केला. त्यात पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी आली. हा निकाल आपल्याला आधीपासूनच ठाऊक होता, अशा चेहऱ्याने पुणेकरांनी तो स्वीकारला. मार्च २०२१ मध्ये पुढची यादी आली, तेव्हा दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत बेंगळुरू पहिले होते, पुणे दुसरे आणि बृहन्मुंबई दहावी. शहरे जागच्या जागीच होती, मोजण्याची रीत मात्र बदलली होती. या वेळी शंभरापैकी तीस गुण नागरिकांच्या स्वतःच्या मतांना दिले होते आणि त्यासाठी ३२ लाखांहून अधिक लोकांची उत्तरे जमवली होती. बातम्यांच्या मथळ्यांत हा ३२ लाखांचा आकडा असा झळकला की, एवढ्या लोकांनी सांगितल्यावर आणखी काय पुरावा हवा, असे कोणालाही वाटावे. माझे सगळे म्हणणे या ‘एवढ्या लोकांनी’विषयी आहे.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण भात उकळत्या पाण्यात खालीवर होत शिजतो आणि कोणतेही शीत उचलले तरी ते बाकीच्यांसारखेच असते. पण कुकरमध्ये एकावर एक तीन भांडी लावली असतील, तर वरच्या भांड्यातला भात चाचपून तळाच्या भांड्यातली डाळ शिजली की नाही हे कळत नाही. वरच्या भांड्यातली शेकडो शिते तपासली तरी कळत नाही. मोठे शहर हे असे भांड्यांवर भांडी रचलेले असते. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईच्या सुमारे १ कोटी २४ लाख लोकसंख्येपैकी ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. इमारतीतल्या माणसाला पाण्याविषयी विचारले, तर तो बहुधा दाबाविषयी बोलेल. वस्तीतली बाई पाणी किती वाजता येते आणि हंडे कोण भरते, याविषयी बोलेल. दोघांना सरसकट ‘आपण पाणीपुरवठ्याबाबत समाधानी आहात का?’ असे विचारून आलेल्या उत्तरांची सरासरी काढली, तर ती सरासरी त्या दोघांपैकी कोणाचीच नसते.

मोठ्या संख्येचा हा मोह जुना आहे. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. त्यांपैकी जवळजवळ २४ लाख भरून परत आल्या आणि त्यांच्या आधारे रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार लँडन जिंकणार, असे साप्ताहिकाने जाहीर केले. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. पत्ते मोटारमालकांच्या आणि दूरध्वनीधारकांच्या याद्यांतून घेतले होते, शिवाय मतपत्रिका भरून परत पाठवण्याची तसदी एका विशिष्ट मनःस्थितीच्या लोकांनीच अधिक घेतली होती.

अशा एकांगी उत्तरांमुळे अंदाजाचे नेमके किती नुकसान होते, याचा हिशेब हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ शाओली मेंग यांनी २०१८ मध्ये एका सुटसुटीत सूत्राने मांडला. अंदाजातली चूक तीन गोष्टींच्या गुणाकाराइतकी असते: मत कितपत विखुरलेले आहे, उत्तर न दिलेल्या लोकांचे उत्तर दिलेल्यांशी जे गुणोत्तर, त्याचे वर्गमूळ, आणि उत्तर देण्याची प्रवृत्ती व ते उत्तर यांच्यातला सहसंबंध, म्हणजे ती दोन्ही किती जोडीने बदलतात याचे माप. खरी मेख या तिसऱ्या गोष्टीत आहे. समजा, एक कोटी प्रौढांच्या शहरात एक लाख लोकांनी अॅपवर मत नोंदवले आणि नाराज लोक मत नोंदवायला अगदी किंचित अधिक उत्सुक होते, इतके किंचित की सहसंबंध केवळ ०.००५ भरला. तर त्या एक लाख उत्तरांचे मोल चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सुमारे ४०० माणसांच्या उत्तरांइतकेच उरते. उरलेली ९९,६०० उत्तरे गोळा केली, साठवली, त्यांचे रंगीत नकाशे काढले. माहितीत त्यांनी जवळजवळ काहीच भर घातली नाही. उलट लाखाच्या आकड्यामुळे आत्मविश्वास वाढला, म्हणजे चूक तेवढीच राहिली आणि तिच्याविषयीची शंका मात्र नाहीशी झाली. मोठ्या संख्येवरचा हा विश्वास आपल्या ओळखीचा आहे. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगात सर्वोत्तम ठरवले, हा संदेश वर्षानुवर्षे लाखो लोकांनी पुढे ढकलला. युनेस्कोने असे काही ठरवले नसल्याचे सांगूनही तो थांबला नाही. ‘बिग डेटा’च्या, म्हणजे प्रचंड प्रमाणात गोळा केलेल्या माहितीच्या, नावाने शहराचा गुणांक दशांश चिन्हापर्यंत सांगणाऱ्या पडद्यांवर काही जणांची जी श्रद्धा असते, ती मला त्याच जातीची वाटते.

नागरिकांकडून येणारी माहिती केवळ मतांची नसते. तक्रारी हा तिचा दुसरा आणि माझ्या मते अधिक मोलाचा प्रकार आहे. मुंबईत १९१६ या दूरध्वनी क्रमांकावर खड्डा, तुंबलेले गटार, न उचललेला कचरा अशा तक्रारी नोंदवल्या जातात आणि त्यांचे विभागवार आकडे चर्चेत येतात. ज्या विभागात तक्रारी अधिक तिथे दुरवस्था अधिक, असा निष्कर्ष मग सहज काढला जातो. पण तक्रारींचा आकडा म्हणजे दुरवस्था गुणिले तक्रार करण्याची सवय. सोसायटीच्या सचिवाकडे लेटरहेड असते, वेळ असतो आणि पाठपुरावा करण्याची चिकाटी असते. चाळीतली तक्रार बरेचदा नगरसेवकाच्या कार्यालयात तोंडी पोहोचते आणि कोणत्याही नोंदीत येत नाही. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे मुंबई महापालिकेत निवडून आलेले नगरसेवकच नव्हते. त्या काळात एखाद्या विभागातल्या तक्रारी वाढलेल्या दिसल्या, तर रस्ते बिघडले की तोंडी तक्रार करण्याची जागा बंद झाली म्हणून लोक फोनकडे वळले, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येणार नाही.

तर मग न आलेल्या तक्रारी मोजायच्या कशा? याचे उत्तर मला संख्याशास्त्रातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते, म्हणून तिच्यापाशी जरा रेंगाळतो.

समजा, एका विभागात पावसाळ्यातल्या एका आठवड्यात लोकांनी १२० वेगवेगळे खड्डे नोंदवले. त्याच आठवड्यात महाविद्यालयातले विद्यार्थी, ही यादी न पाहता, पायी फिरून आपली स्वतंत्र यादी करतात आणि तिच्यात ८० खड्ड्यांची नोंद होते. दोन्ही याद्या ताडून पाहिल्यावर २४ खड्डे दोन्हींत सापडतात. म्हणजे विद्यार्थ्यांच्या ८० खड्ड्यांपैकी २४, अर्थात ३० टक्के, खड्डे लोकांनी आधीच कळवलेले होते. विद्यार्थ्यांची यादी जर लोकांच्या यादीपासून खरोखर स्वतंत्र असेल, तर लोक एकूण खड्ड्यांपैकीही ३० टक्केच कळवतात असे मानायला हरकत नाही. १२० ही संख्या एकूण खड्ड्यांच्या ३० टक्के, म्हणून एकूण खड्डे ४००. कोणीही न पाहिलेल्या खड्ड्यांसकट सगळ्यांचा अंदाज आला! सूत्र एवढेच: पहिली यादी गुणिले दुसरी यादी, भागिले सामाईक. तळ्यातले मासे खुणा करून सोडायचे आणि पुन्हा जाळे टाकून त्यांत खुणेचे किती येतात ते पाहायचे, हीच ती रीत.

आता शेजारचा विभाग घेऊ. तिथे लोकांनी फक्त ६० खड्डे कळवले, विद्यार्थ्यांना १५० दिसले आणि सामाईक निघाले १५. एकूण अंदाज ६००. तक्रारी निम्म्या आणि खड्डे दीडपट. तक्रारींच्या आकड्यावरून क्रमवारी लावली असती, तर हा विभाग पहिल्यापेक्षा सुस्थितीतला ठरला असता.

अर्थात ‘खरोखर स्वतंत्र’ या दोन शब्दांवर बराच भार आहे. हमरस्त्यावरचा मोठा खड्डा लोकांनाही दिसतो आणि विद्यार्थ्यांनाही. आतल्या गल्लीतला खड्डा दोघांच्याही नजरेतून सुटतो. असे झाले की सामाईक संख्या फुगते आणि एकूण अंदाज खऱ्यापेक्षा कमी येतो. यावरचा उपाय संख्याशास्त्रज्ञ सी. चंद्रशेखरन आणि एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये सांगितला. कोलकात्याजवळच्या सिंगूर परिसरात जन्म-मृत्यूच्या सरकारी नोंदी आणि घरोघर जाऊन केलेली नोंद ताडून, कोठेच न नोंदलेल्या जन्म-मृत्यूंचा अंदाज ते करत होते. त्यांनी सुचवले की आधी सारख्या परिस्थितीचे गट पाडावेत, प्रत्येक गटात हिशेब वेगळा करावा आणि मग बेरीज करावी. आपल्या पहिल्या विभागात तसे करून पाहू. हमरस्त्यांवर लोकांचे ९० खड्डे, विद्यार्थ्यांचे ४०, सामाईक २०, म्हणून एकूण १८०. गल्ल्यांत लोकांचे ३०, विद्यार्थ्यांचे ४०, सामाईक ४, म्हणून ३००. बेरीज ४८०. मघाशी हरवलेले ८० खड्डे गट पाडल्याबरोबर हाती लागले. मात्र सामाईक संख्या अवघी ४ असताना तो ३०० चा अंदाज फार डळमळीत असतो. एका प्रमाण विचलनाइतकी (अंदाज साधारणपणे जितका वरखाली होतो तितकी) चूक धरली तरी तो साधारण १७० ते ४३० यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. गट जितके बारीक, तितका पक्षपात (एकाच दिशेने होणारी चूक) कमी आणि डळमळीतपणा अधिक, ही ओढाताण कोणत्याही सूत्राने सुटत नाही. देशाचे जन्मदर आणि मृत्युदर ज्या नमुना नोंदणी पद्धतीतून येतात, तीही वर्षभराची चालू नोंद आणि सहामाही स्वतंत्र पाहणी अशा दोन नोंदी ताडण्याच्या तत्त्वावरच उभी आहे.

दुसरी यादी नसेल तर? कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यूयॉर्कमधल्या पडलेल्या व धोकादायक झाडांच्या तक्रारींवर एक चतुर मार्ग काढला. एकाच झाडाविषयी पहिली तक्रार आल्यानंतर, पालिकेचा माणूस पोहोचेपर्यंत, आणखी किती जणांनी तीच तक्रार केली हे त्यांनी मोजले. पहिल्या तक्रारीनंतर तिथे अडचण आहे हे निश्चित असते. त्यामुळे पुढच्या तक्रारींचा वेग केवळ त्या वस्तीची तक्रार करण्याची सवय सांगतो. ज्या पुनरुक्त तक्रारी कार्यालयात कटकट म्हणून बाद केल्या जातात, त्याच इथे मोजपट्टी झाल्या.

दुसरी यादी करायचीच झाली, तर विद्यार्थ्यांनी कोणत्या गल्ल्यांत फिरायचे हे त्यांच्या सोयीवर सोडता येत नाही. महाराष्ट्राला हा धडा शेतीतून माहीत असायला हवा. पिकाचा अंदाज पूर्वी नजरेने आणेवारी ठरवून होत असे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात गावे, त्यांतली शेते आणि शेतातला तुकडा यादृच्छिक पद्धतीने निवडून, तेवढ्यातले पीक कापून तोलण्याची रीत देशभर रुजवण्यात मोठा वाटा उचलला. शेताच्या बांधावर उभे राहून दिसणारे पीक आणि चिठ्ठीत निघालेल्या कोपऱ्यातले पीक यांत जो फरक, तोच हमरस्ता आणि गल्ली यांत आहे.

ही रीत खड्डे, बंद दिवे, फुटलेल्या जलवाहिन्या, तुंबलेली गटारे अशा मोजता येणाऱ्या अडचणींना लागू पडते. समाधानाला ती लागू पडत नाही, कारण दोन माणसांची नाराजी ताडून ‘ही तीच’ असे म्हणता येत नाही. आणि खड्ड्यांनाही ती लागू पडण्यासाठी प्रत्येक तक्रारीसोबत नेमकी जागा, तारीख आणि जमल्यास छायाचित्र उघडपणे उपलब्ध असावे लागते. विभागवार बेरजांचे तक्ते कितीही वर्षांचे छापले तरी दोन याद्यांतले कोणते खड्डे एकच, हे त्यांतून कळत नाही. वरच्या उदाहरणात १२० आणि ८० हे आकडे कोणत्याही अहवालातून मिळाले असते. २४ हा आकडा मूळ नोंदी एकमेकींशेजारी ठेवल्याशिवाय मिळाला नसता.