खिडकीतून दिलेलं जेवण

पुण्यात परदेशी विद्यार्थी रुळतात की नाही, ही चर्चा बहुतेक वेळा व्हिसा आणि इंग्रजीपाशीच अडकते. पुण्यातल्या सिंबायोसिस संस्थेच्या गोष्टीचं मूळ मात्र एका आजारपणात आहे.

डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टरही होते. मुलांच्या वसतिगृहात एका खोलीच्या खिडकीतून एक मुलगी काहीतरी आत देते, हे त्यांच्या नजरेस पडलं. चौकशी केली तेव्हा कळलं, की आत मॉरिशसचा एक विद्यार्थी कावीळ होऊन पडला आहे आणि ती त्याच्यासाठी जेवण आणते. वसतिगृह पोरांनी भरलेलं, पण पथ्याचं करून घालणारं घरचं माणूस गावात कुणी नाही. हा प्रसंग मुजुमदारांनी पुढे अनेकदा सांगितला आहे.

त्यातूनच 1971 साली सिंबायोसिस उभी राहिली. आज हे नाव अभ्यासक्रमांमुळे माहीत आहे, पण सुरुवातीला ते परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं सांस्कृतिक केंद्र होतं. नाव वनस्पतिशास्त्रातलंच, म्हणजे सहजीवन. मला ते फार नेमकं वाटतं, कारण त्यात जुळवून घेण्याचं ओझं एकट्या पाहुण्यावर टाकलेलं नाही.

त्याआधी, 1950 मध्ये मौलाना आझादांनी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली होती. तिच्या शिष्यवृत्त्यांवर आशिया-आफ्रिकेतली मुलं भारतात येऊ लागली. शिष्यवृत्तीतून फी निघते. दिवाळीत मेस बंद होते, सगळे गावी जातात, तेव्हा उरलेल्यांनी कुठे जेवायचं, हे त्यात येत नाही.

खोली मिळवणं आजही सगळ्यांत अवघड. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाला 24 तासांत फॉर्म भरून त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. काही जण त्या कटकटीला कंटाळून नाही म्हणतात, तर काही रंग पाहून. आफ्रिकी विद्यार्थ्यांना हा नकार जास्त सोसावा लागतो, आणि ही आपल्यासाठी लाजेची बाब आहे.

ऑगस्ट 2021 मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं, तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांपुढे व्हिसाच्या मुदतीचा प्रश्न उभा राहिला. डिसेंबर 2022 मध्ये तिथल्या मुलींना विद्यापीठं बंद झाली. त्यानंतर ‘सुट्टीत घरी कधी जाणार?’ हा शेजारच्या काकूंचा साधा प्रश्नही पुण्यातल्या अफगाण मुलींना जड जाऊ लागला असेल.