सड्यावरचे मनोरे आणि त्यांच्याविषयीचे तर्क

तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे उंच मनोरे ओळीने उभे दिसले की तर्कांना ऊत येतो. कुणी रडार म्हणतो, कुणी नौदलाचे गुप्त ठाणे, तर कुणी पाऊस पळवणारे यंत्र. गोव्यात बांबोळीच्या सड्याला (म्हणजे सपाट माथ्याच्या पठाराला) रेडिओचा पोर्तुगीज काळापासूनचा इतिहास आहे, त्यामुळे इथे अशा चर्चेला खाद्य कमी पडत नाही. पण बहुतेक तर्क चुकतात ते एकाच कारणाने: बघणारा मनोऱ्याकडे बघतो, तारांकडे बघत नाही.

शॉर्टवेव्हमध्ये, म्हणजे आखूड लहरींच्या दूरवरच्या प्रसारणात, मनोरा म्हणजे मांडवाचा खांब. खरी अँटेना म्हणजे दोन खांबांच्या मध्ये टांगलेले तारांचे जाळे, आणि ते अर्ध्या किलोमीटरवरून दिसतही नाही. मीडियम वेव्हचे उलटे आहे. आकाशवाणीचे पणजी केंद्र १२८७ किलोहर्ट्‌झवर लागते. तिथे तरंगलांबी सुमारे २३३ मीटर होते, आणि एवढ्या लांब लहरीसाठी मनोराच अँटेना म्हणून वापरतात. तो बुडाशी जाड चिनीमातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो आणि त्याच्याभोवती जमिनीत तांब्याच्या तारा चक्राच्या आऱ्यांसारख्या पुरलेल्या असतात. १२० तारा हा जुना प्रघात. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा: मनोरा एकटा आहे की जोडीने? बुडाशी इन्सुलेटर असलेला एकटा मनोरा दिसला तर तो बहुधा मीडियम वेव्हचा. जोड्या असतील आणि मध्ये तारा असतील, तर शॉर्टवेव्ह.

शॉर्टवेव्हची ही जोड्यांची रचना आली १९२०च्या दशकात. त्याआधी खंडांपलीकडे संदेश पाठवायचा तर हजारो मीटर लांबीच्या लहरी, अवाढव्य मनोरे आणि त्यांना पोसायला वीजघर लागत असे. मार्कोनी आणि त्याचा अभियंता फ्रँकलिन यांनी १९२३-२४च्या चाचण्यांत दाखवले, की शंभर मीटरपेक्षा आखूड लहरी आयनांबरावरून (वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित थरावरून) परावर्तित होऊन थोड्या शक्तीतही हजारो किलोमीटर जातात, आणि लहर आखूड असल्यामुळे तारांच्या पडद्याने तिचा झोत एका दिशेला वळवता येतो. यातूनच ब्रिटिश साम्राज्याची बीम सेवा उभी राहिली. भारताचे टोक आपल्या शेजारीच होते: प्रक्षेपण पुण्याजवळ खडकीला, ग्रहण दौंडला, सेवा १९२७ची. प्रक्षेपण आणि ग्रहण इतक्या अंतरावर का, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. शक्तिशाली प्रक्षेपकाच्या कुशीत संवेदनशील रिसीव्हर बहिरा होतो. त्यामुळे निम्मे ठाणे एका गावात आणि निम्मे दुसऱ्या गावात, ही शॉर्टवेव्हची जुनी रीत आहे. त्यात लपवाछपवी नाही.

गोव्यात ‘एमिसोरा दे गोवा’ हे पोर्तुगीज राजवटीचे रेडिओ केंद्र १९४६मध्ये सुरू झाले. पुढे १९५२नंतर आकाशवाणीने चित्रपटगीतांवर बंधने आणली, तेव्हा रेडिओ सिलोनबरोबर गोव्याचे स्टेशनही भारतात ऐकले जाऊ लागले. म्हणजे एकीकडे लिस्बनच्या सत्तेचा आवाज, दुसरीकडे गाण्यांचे स्टेशन. त्याच हवेत २५ नोव्हेंबर १९५५पासून तिसरा आवाज मिसळला. लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सीमेपलीकडच्या जंगलातून, आधी आंबोली आणि मग कॅसलरॉक परिसरातून, ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे भूमिगत केंद्र कोकणी आणि पोर्तुगीजमधून गोवामुक्तीपर्यंत चालवले. त्यांच्याकडे मनोरे नव्हते, आणि लागतही नाहीत. दोन झाडांमध्ये वीस मीटर तार ताणली की सात मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा डायपोल (मध्यभागी वीज दिलेली सरळ तार, सर्वांत साधी अँटेना) तयार. ‘मोठी अँटेना म्हणजे महत्त्वाचे काम’ हा सरधोपट निष्कर्ष गोव्याच्या इतिहासातच खोटा ठरतो.

१८ डिसेंबर १९६१च्या सकाळी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले आणि हंटर विमानांनी बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर मारा केला. लष्करी नियोजकांच्या दृष्टीने ते मनोरे करमणुकीचे नव्हतेच. लिस्बनशी बोलण्याची वाट त्यांच्यातून जात होती. एकाच जागेचे दोन उपयोग असू शकतात, ही बाब पुढच्या तर्कांना कायमची चिकटून बसली.

मुक्तीनंतर पणजी आकाशवाणीच्या जाळ्यात आले आणि कालांतराने २५० किलोवॉटचे दोन शॉर्टवेव्ह प्रक्षेपक पणजीच्या नावावर नोंदले गेले. स्थानिक श्रोत्यासाठी एवढी शक्ती कुणी वापरत नाही. तो मामला विदेश प्रसारणाचा, आणि इथेच अँटेनाचे वाचन कामाला येते.

पडद्याच्या अँटेनाला अभियंते ‘एचआर ४/४/०.५’ अशा खुणेने ओळखतात. एच म्हणजे तारा आडव्या, आर म्हणजे मागे परावर्तक जाळी, पहिला ४ म्हणजे रांगेत चार अर्धलहरी डायपोल, दुसरा ४ म्हणजे अशा चार रांगा एकावर एक, आणि ०.५ म्हणजे सर्वांत खालची रांग जमिनीपासून अर्ध्या तरंगलांबीवर. ३१ मीटर बँड घेतला तर अर्धी लहर साडेपंधरा मीटर. रुंदी चौपट, म्हणजे ६२ मीटर. वरची रांग दोन तरंगलांबींवर, म्हणजे तीही ६२ मीटरवर. मनोरे त्याहून थोडे उंच. १९ मीटर बँडला हेच माप ३८ मीटरवर येते. दिवसा वरच्या फ्रिक्वेन्सी चालतात, रात्री खालच्या. त्यामुळे प्रत्येक दिशेला एक मोठा आणि एक लहान पडदा लागतो. ओळीत काही मनोरे उंच आणि काही बुटके दिसतात ते यामुळे. उंच पाठवायला आणि बुटके ऐकायला, असा जो सर्रास समज आहे तो निराधार आहे.

दिशा काढणे सोपे आहे. उपग्रह नकाशावर मनोऱ्यांच्या जोडीमधून रेघ ओढा. झोत त्या रेघेला लंब जातो. लंब दोन बाजूंना निघतो, म्हणून परावर्तक जाळी कुठल्या अंगाला आहे ते पाहावे. झोत तिच्या विरुद्ध बाजूला. जाळी दिसत नसेल तर फीडर (प्रक्षेपकापासून अँटेनापर्यंत शक्ती नेणाऱ्या तारा) कुठल्या बाजूने पडद्याला भिडतो ते शोधावे. आता पणजीपासूनचे दिगंश पाहा, उत्तरेकडून उजवीकडे मोजलेले: दुबई ३०२ अंश, लिस्बन ३०७, लंडन ३२०, नैरोबी २४९. चार डायपोलच्या पडद्याचा झोत आडवा सुमारे २५ अंश पसरतो. म्हणजे लिस्बनच्या रोखाने उभारलेल्या पडद्यासमोर दुबई आपोआप येते आणि लंडनही अगदी काठावर सापडते. पोर्तुगीज साहेबाच्या राजधानीकडे तोंड केलेली अँटेना आखातातल्या गोंयकाराला बातम्या देऊ शकते, निव्वळ भूगोलामुळे. फक्त दिशेवरून ‘कोणासाठी’ हे ठरवणारे तर्क याच जागी घसरतात.

अंतराचा अंदाज उंचीवरून येतो. दुबई इथून साधारण २,२०० किलोमीटर. तीनशे किलोमीटर उंचीच्या थरावरून एका उडीत तिथे पोचायचे तर लहर क्षितिजावर सुमारे १० अंशांनी सुटावी लागते. लिस्बन ८,३०० किलोमीटर. त्याला तीन उड्या आणि त्याहून खालचा कोन. खालचा कोन हवा तर रांगा जास्त आणि मनोरे उंच. याच्या नेमके उलट टोक म्हणजे जवळचे प्रसारण. मुंबई आकाशवाणीने वापरलेली ४८४० किलोहर्ट्‌झ ही फ्रिक्वेन्सी घ्या: तरंगलांबी ६२ मीटर. डायपोल जमिनीपासून पंधरा-सोळा मीटरवर टांगला की लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि काही शे किलोमीटरच्या वर्तुळात पावसासारखी खाली येते. घाटातली दरीसुद्धा सुटत नाही. अशा बुटक्या तारा पाहून ‘हे गुपचूप ऐकण्याचे ठाणे’ असे म्हणणारे हमखास भेटतात.

ऐकण्याचे की बोलण्याचे, हे ठरवायला जमिनीकडे बघावे. प्रक्षेपण असेल तर उच्चदाबाची वीजवाहिनी, उपकेंद्र, शीतकरणाची सोय आणि खांबांवरून जाणारे उघड्या तारांचे फीडर हमखास असतात. ३०० ओहमच्या फीडरमधून २५० किलोवॉट जाताना तारांमधल्या दाबाचे शिखर साधारण १२,००० व्होल्ट असते आणि पूर्ण मॉड्युलेशनला (आवाज लहरीवर पूर्ण चढवल्यावर) त्याच्या दुप्पट. ही गोष्ट कोकणपट्टीत डोकेदुखी ठरते. नोव्हेंबर ते मे समुद्राचा खारा वारा इन्सुलेटरवर मिठाचा पातळ थर बसवतो. कोरडा असेपर्यंत तो निरुपद्रवी. जूनच्या पहिल्या रिमझिमीत तो भिजून वाहक होतो, ठिणगी पृष्ठभागावरून धावते आणि संरक्षक यंत्रणा प्रक्षेपक बंद पाडते. जोराचा पाऊस मात्र तोच थर धुऊन काढतो, त्यामुळे बिघाड मृगाच्या सरींत जास्त आणि आषाढात कमी. उपाय जुनाच: पावसाआधी इन्सुलेटर धुणे-पुसणे. मनोऱ्याला धरून ठेवणाऱ्या ताणदोरांचे जस्त गेले की गंज आतून धरतो, म्हणून दोर नुसता पाहून भागत नाही, ताण मोजावा लागतो. जांभ्याची जमीन मे महिन्यात ठणठणीत कोरडी आणि ऑगस्टमध्ये चिंब; अर्थिंगचा रोध उन्हाळ्यात मोजला तरच तो आकडा विश्वासाचा. पावसाळ्यात आलेला चांगला आकडा फसवा असतो. नेमका वळवाच्या विजांच्या वेळी, मे महिन्यात, तो कामाला येत नाही.

जगभरच्या तर्कांकडे पाहिले तर काही बरोबर निघाले, हेही सांगायला हवे. १९७६ ते १९८९ या काळात शॉर्टवेव्हवर सेकंदाला दहा ठोक्यांचा खडखडाट ऐकू येत असे. मनावर ताबा मिळवण्याचे यंत्र, अशी तेव्हा आवई होती. जाणकार हौशी मंडळींचा अंदाज मात्र क्षितिजापलीकडे बघणाऱ्या रडारचा होता आणि तोच खरा ठरला: सोव्हिएत ‘दुगा’. चेर्नोबिलजवळ आज उभी असलेली सुमारे १५० मीटर उंचीची भिंत ही त्याची फक्त ऐकणारी बाजू. पाठवणारी बाजू साठेक किलोमीटर दूर होती. खडकी-दौंडचीच रीत.

अलास्कातले ‘हार्प’ हे आयनांबराच्या अभ्यासाचे केंद्र पाऊस पाडते किंवा पळवते, हा तर्क मात्र साध्या गणिताला टिकत नाही. १८० अँटेना, ३.६ मेगावॉट शक्ती, २.७ ते १० मेगाहर्ट्‌झ, रोख सरळ वर आयनांबराकडे. २०१५पासून ते अलास्का विद्यापीठाकडे आहे. आता एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला असे धरा. एक लाख टन पाणी. तेवढ्या वाफेचे पाणी होताना जी उष्णता सुटते, तेवढी पुरवायला ही सगळी शक्ती अखंड दोन वर्षे ओतावी लागेल. आपल्याकडे आषाढात असा पाऊस एका दिवसात अख्ख्या तालुक्यावर पडतो.

सर्वांत चलाख तर्क अलीकडचा. शिकागोजवळच्या शेतांत मोठ्या लॉग-पिरिऑडिक (अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणाऱ्या) अँटेना उभ्या राहिल्या, परवाना ‘प्रायोगिक’. २०१८मध्ये उलगडा झाला तो शॉर्टवेव्हच्या अँटेनावरून नव्हे, तर त्याच मनोऱ्यावरच्या छोट्या मायक्रोवेव्ह डिशवरून. तिचा रोख वायदेबाजाराच्या डेटा सेंटरकडे होता, म्हणजे अँटेना वेगवान सौद्यांसाठी होत्या. शिकागो ते लंडन साधारण ६,३५० किलोमीटर. हवेतून लहरीला २१ मिलिसेकंद लागतात, काचेच्या तंतूतून प्रकाशाला सरळ रेषेतही ३२. सौद्याचा इशारा द्यायला चार-दोन अक्षरे पुरतात, त्यामुळे शॉर्टवेव्हची अरुंद वाट इथे चालते. मुख्य अँटेना सांगते किती दूर आणि कुठल्या दिशेला. काम कोणाचे, हे बहुधा शेजारची किरकोळ वाटणारी वस्तू सांगते.

तर्क तपासायचा असेल तर कुंपणाशी कॅमेरा घेऊन जाऊ नये. १९२३च्या शासकीय गुपिते कायद्यात सरकारी वायरलेस केंद्र ‘निषिद्ध जागा’ ठरते. घरबसल्या पुष्कळ होते. एचएफसीसी ही आंतरराष्ट्रीय समन्वय संस्था शॉर्टवेव्ह प्रसारणाची वेळापत्रके खुली ठेवते. ती वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, बदलतात. त्यांत वेळ, फ्रिक्वेन्सी, ठिकाण, शक्ती आणि दिगंश एका ओळीत मिळतात. नोंदीतला दिगंश आणि नकाशावर काढलेला लंब यांत १५ किंवा ३० अंशांची तफावत आली तर मोजणी चुकली असे लगेच समजू नये. डायपोलना थोड्या पुढेमागे कलेने (लहरीच्या वेळेत किंचित फरक ठेवून) वीज देऊन पडदा न हलवता झोत तेवढा वळवता येतो. तफावत त्याहून मोठी असेल, किंवा ठिकाण यादीतच नसेल, तर ते बहुधा प्रसारण केंद्र नाही. मग डिश, फीडर आणि वीजवाहिनीपासून पुन्हा सुरुवात करावी.